जुनिपरच्या दोन बाटल्या आणि ‘प्रदेशाचा फरक’

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला तुमचा साबण आणि सुगंधी तेलांचा छोटा उद्योग आहे. दोन पुरवठादारांकडून तुम्ही जुनिपरचं तेल मागवलंत. दोन्ही बाटल्यांवर ‘जुनिपेरस कम्युनिस’ असंच लिहिलंय. एक बाल्कनमधलं, दुसरं ‘हिमालयन’. दोघांचे जीसी-एमएस रिपोर्ट, म्हणजे तेलात कुठले घटक किती आहेत ते सांगणारे कागद, मात्र जुळत नाहीत. पहिल्यात अल्फा-पायनिन ४१ टक्के आणि सॅबिनिन ६ टक्के. दुसऱ्यात अल्फा-पायनिन २३, सॅबिनिन १७, टर्पिनेन-४-ऑल ६, ३-कॅरीन ९ आणि लाँगिफोलिन २ टक्के. विचारल्यावर दुसरा पुरवठादार म्हणाला, ‘ताई, हा प्रदेशाचा फरक आहे, भेसळ नाही.’ त्याचं म्हणणं खरं धरावं का?

अर्धं खरं धरा. कुठलं अर्धं, हे कळायला थोडं लांबून यावं लागेल. घाई असेल तर शेवटचे काही परिच्छेद आधी वाचा.

तेलं तपासण्याच्या धंद्यात मला पस्तीस वर्षं झाली. ‘प्रदेशाचा फरक’ हे शब्द इतक्या वेळा ऐकलेत की कोणी ते उच्चारले की माझी नजर आपोआप रिपोर्टच्या खालच्या ओळींकडे जाते. वरच्या चार मोठ्या आकड्यांवर सगळेच बोलतात; भानगड असते ती खाली, एक-दोन टक्क्यांच्या घटकांत. पण म्हणून प्रदेशाचा फरक हे थोतांड आहे असं मुळीच समजू नका. सुगंधी वनस्पतींत तो सर्वांत बारकाईनं कुठे तपासला गेला असेल तर त्यात जुनिपरचं नाव फार वर आहे. अडचण एवढीच की तो सिद्ध करावा लागतो, आणि सिद्ध करणं पुरवठादाराला वाटतं तितकं सोपं नसतं.

आधी झाडाची ओळख. जुनिपर म्हणजे एक झाड नाही. सायप्रेस या झाडाच्या कुळातली सुमारे ७५ जातींची ती प्रजाती आहे. रॉबर्ट अ‍ॅडम्स या टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञानं आयुष्य याच झाडांत घालवलं आणि जवळजवळ प्रत्येक जातीच्या पानांचं तेल स्वतः काढून तपासलं. बहुतेक जाती आपापल्या डोंगररांगांत, आपापल्या बेटांवर राहतात. जुनिपेरस कम्युनिस मात्र उत्तर गोलार्धाला वळसा घालून पसरलेली: कॅनडा, स्कँडिनेव्हिया, आल्प्स, बाल्कन, सायबेरिया, आणि आपला काश्मीर-हिमाचल-उत्तराखंडचा उंच पट्टा. हिच्या निळसर फळांना सगळे ‘बेरी’ म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ते मांसल शंकू आहेत. पाइनच्या शंकूचेच भाऊबंद, फक्त खवले गरासारखे फुगून एकमेकांना चिकटलेले. जिनला जिनपण देतात ते हेच. आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात ‘हाऊबेर’ मागितलं की पुडीत येतात तेही हेच, किंवा निदान हेच यायला हवेत. आयुर्वेदातलं नाव हपुषा. गोव्यात गाळल्या जाणाऱ्या एका हिमालयी जिनचं नाव ‘हपुसा’ आहे ते यावरूनच.

आता मुख्य मुद्दा, आणि तो आंब्याच्या भाषेत सांगितला तर लवकर पोचेल. देवगडचा हापूस की रत्नागिरीचा, यावर आपल्याकडे घरोघरी वाद होतात. पण हापूस कलमी आहे. एका झाडाच्या फांद्या हजारो ठिकाणी गेल्या, त्यामुळे दोन गावांच्या फळांत जो फरक लागतो तो बहुतांशी माती, वारा, ऊन आणि काढणीचा. झाडाचं रक्त जवळपास एकच. जुनिपर आहे रायवळ. बियांतून उगवतं, बिया पक्षी नेतात, बऱ्याचशा जातींत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, परागण वाऱ्यावर. एका बांधावरच्या दोन रायवळांची चव जुळत नाही, तसं एका उतारावर शेजारी उभ्या असलेल्या दोन जुनिपरांचं तेल जुळत नाही. एकाच्या तेलात सॅबिनिन भरपूर असेल, दुसऱ्यात नावाला. म्हणून ‘बाल्कनचं तेल’ किंवा ‘हिमालयाचं तेल’ हा शेकडो रायवळांचा एकत्र काढलेला आमरस असतो. त्या सरासरीत फरक आहे का, आणि तो एका जागेतल्या झाडाझाडांतल्या फरकापेक्षा मोठा आहे का, हा खरा प्रश्न. दुसरा भाग लोक विसरतात.

मीही विसरले होते. नोकरीतली पहिली तीन-चार वर्षं झाली असतील. लाहौलला गेले होते, केलांगच्या आसपास. तिथल्या मोठ्या जुनिपरला शूर म्हणतात, लडाखात शुक्पा. दोन्हीकडे त्याची पानं धुपासाठी जाळतात आणि झाडाला देवाचं मानतात. लडाखातल्या हेमिस शुक्पाचन या गावाच्या नावातच ते झाड आहे. अशा झाडाला न विचारता हात लावायचा नसतो. मी विचारलं, एका म्हाताऱ्यानं एक झाड दाखवून दोन फांद्या दिल्या, मी कापडी पिशवीत भरून आणल्या. तेल काढलं, जीसीवर चढवलं, आणि ‘लाहौलच्या जुनिपर तेलाची वैशिष्ट्यं’ असं शीर्षक टाकून सहा पानं लिहिली. आमच्या सरांनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, ‘झाडं किती?’ मी म्हटलं, ‘एक.’ सर म्हणाले, ‘मग शीर्षक बदल. लाहौलमधल्या एका झाडाची कुंडली, असं लिही.’ शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एका भांड्यात, एका आचेवर शिजलेला असतो. जंगलात ती म्हण चालत नाही.

हे सगळं शास्त्राला शिकवलं ते अमेरिकेतल्या एका वादानं. त्यावर जरा रेंगाळते, कारण तुमच्या पुरवठादाराच्या वाक्याची कसोटी तिथेच तयार झाली आहे.

अमेरिकेच्या पूर्व भागात जुनिपेरस व्हर्जिनियाना ही जात अटलांटिक किनाऱ्यापासून थेट टेक्सासपर्यंत पसरली आहे. तिथले लोक तिला ‘रेड सीडर’ म्हणतात. पेन्सिलींचं लाकूड हिचंच. मध्य टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर दुसरी जात भेटते, जुनिपेरस अ‍ॅशेई. किनाऱ्याकडून नैऋत्येला जावं तसतशी व्हर्जिनियाना दिसायला थोडी बदलत जाते, आणि तो बदल अ‍ॅशेईच्या दिशेनं जातोय असं वाटतं. १९४९ मध्ये एडगर अँडरसन यांनी एक कल्पना पुस्तकरूपानं मांडली होती: दोन जातींचा संकर होतो, त्या संकराचा मूळ जातीशी पुन्हा पुन्हा संयोग होतो, आणि एका जातीची जनुकं दुसरीत झिरपत दूरवर जातात. त्यांचे विद्यार्थी मॅरियन हॉल यांनी १९५२ मध्ये जुनिपरांची पानं, फळं, झाडाची ठेवण बारकाईनं मोजून हेच जुनिपरातही घडतंय असा निष्कर्ष काढला. ओक्लाहोमातल्या आर्बकल टेकड्यांपर्यंतच काय, त्याही पलीकडे अ‍ॅशेईचं रक्त पोचलंय, असं चित्र उभं राहिलं. उदाहरण देखणं होतं आणि बरीच वर्षं ते खरं मानलं गेलं.

मग गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणारी आपली जीसी, आली. टेक्सास विद्यापीठातले बिली टर्नर, त्यांच्याबरोबर फ्लेक, आणि कॅनडातले तेलांचे जाणकार अर्न्स्ट फॉन रुडलॉफ यांनी १९६९ मध्ये वेगळा मार्ग धरला. ईशान्य टेक्सासपासून वॉशिंग्टन डीसीपर्यंत एक लांब रेघ ओढली, तिच्यावर ठरावीक अंतरावर थांबून व्हर्जिनियानाच्या वस्त्या निवडल्या, प्रत्येक वस्तीतल्या अनेक झाडांची पानं वेगवेगळी गोळा केली आणि प्रत्येक झाडाचं तेल स्वतंत्र तपासलं. तर्क सरळ होता. अ‍ॅशेईच्या पानांच्या तेलात कापूर भरपूर आणि जोडीला बॉर्निल अ‍ॅसिटेट. व्हर्जिनियानाचा गंधच वेगळा: लिमोनिन, सॅबिनिन, सॅफ्रोल, एलेमॉल यांचा. अ‍ॅशेईची जनुकं झिरपत असतील तर टेक्सासकडे येता येता व्हर्जिनियानाच्या तेलात कापूर चढायला हवा.

तसा तो चढला नाही. तेल बदलत होतं हे खरं, पण हळूहळू, सबंध रेघेवर, उतारावरून पाणी जावं तसं. आणि बदलाचा रोख अ‍ॅशेईकडे नव्हता. जीवशास्त्रात अशा सलग बदलाला ‘क्लाइन’ म्हणतात. व्हर्जिनियाना वेगवेगळ्या हवामानांत स्वतःच्याच घरात बदलत गेली होती, शेजाऱ्याशी सोयरीक न करता. मागाहून पाहिलं तर एक साधी गोष्ट आधीच डोळ्यांसमोर होती. अ‍ॅशेईचे परागकण ऐन हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत सुटतात. त्या दिवसांत ऑस्टिन-सॅन अँटोनियोची माणसं शिंकून बेजार होतात आणि त्याला ‘सीडर फीव्हर’ म्हणतात. व्हर्जिनियानाचा हंगाम त्यानंतर येतो. लग्नाचे मुहूर्तच जुळत नाहीत.

हॉल यांची चेष्टा करण्यासारखं यात काही नाही. डोळ्यांना दिसणारा फरक खराच होता; त्याचं कारण चुकलं. आणि जुनिपरांत संकर होतच नाहीत असंही नाही. याच व्हर्जिनियानाचा पश्चिमेकडच्या रॉकी पर्वतातल्या जुनिपेरस स्कोप्युलोरमशी मिसुरी नदीच्या खोऱ्यात संकर होतो, आणि तिथली तेलं तपासली की दोन्ही बाजूंची चव मधे मिसळलेली स्पष्ट सापडते. म्हणजे तेच हत्यार एका ठिकाणी ‘नाही’ म्हणालं, दुसऱ्या ठिकाणी ‘हो’. मला या कामाचा मोठेपणा तिथेच वाटतो.

स्कोप्युलोरमची पुढची गोष्ट तर मला फारच आवडते. अ‍ॅडम्स यांनी तिच्या पश्चिम अमेरिकेतल्या वस्त्यांची तेलं तपासून १९८३ मध्ये त्यांत हिमयुगाचा मागोवा काढला: बर्फ वाढला तेव्हा ही झाडं कुठे तग धरून राहिली असतील आणि बर्फ हटल्यावर कुठून कुठे परतली असतील. त्या नकाशात वायव्य कोपरा वेगळा पडत होता. प्यूजेट साउंडच्या खाडीकाठी आणि व्हँकुव्हर बेटाच्या बाजूला, समुद्रसपाटीलगत वाढणाऱ्या झाडांचं तेल रॉकी पर्वतातल्या नातेवाइकांशी नीट जुळत नव्हतं. दिसायला तेच झाड. पुढे डीएनए तपासणी हाताशी आली, आणि २००७ मध्ये अ‍ॅडम्स यांनी त्या खाडीकाठच्या झाडांना जुनिपेरस मॅरिटिमा अशी वेगळी जात म्हणून नाव दिलं. तेलानं जी कुरकुर केली होती तिचा अर्थ लागायला चोवीस वर्षं गेली.

भूमध्य समुद्राकाठीही असंच झालं. जुनिपेरस ऑक्सिसेड्रस नावानं पोर्तुगाल-मोरोक्कोपासून तुर्कस्तानापर्यंत एकच जात धरली जायची. २००४ मध्ये तिची फोड झाली: पश्चिमेकडची ऑक्सिसेड्रस, इटलीपासून पूर्वेकडची जुनिपेरस डेल्टॉइडेस. पन्नास फुटांवरून बघितलं तर मलाच काय, कोणालाच फरक सांगता यायचा नाही. ज्याला आपण वर्षानुवर्षं ‘एकाच जातीतला प्रदेशाचा फरक’ म्हणत आलो, तो दोन जातींतला फरक निघाला. तुमच्या पुरवठ्यात अशी शक्यता कुठे दडली आहे, ते पुढे येईलच.

आता दुसरी बाजू. प्रदेशाचा फरक असल्यासारखी दिसणारी, पण प्रदेशाशी संबंध नसणारी कारणं. ही यादी मी नव्या मुलांकडून तोंडपाठ करून घेते.

सगळ्यांत मोठं कारण झाडाचा भाग. बेरीचं तेल, पानांचं तेल आणि लाकडाचं तेल ही तीन वेगळी तेलं आहेत. लाकडाच्या तेलात सेड्रॉल, सेड्रिन, थुजोप्सिन असतं. अमेरिकेतलं ‘टेक्सास सीडरवुड’ आणि ‘व्हर्जिनिया सीडरवुड’ तेल म्हणजे याच अ‍ॅशेई आणि व्हर्जिनियानाच्या गाभ्याच्या लाकडाचं. (आपल्याकडे सीडरवुड म्हणून बरेचदा देवदाराचं तेल मिळतं. ते झाड सेड्रस, कुळ वेगळं, घटक वेगळे. साबणवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. एकाच नावाखाली दोन्ही विकली जातात.) बेरी आणि पानं यांच्यातली सरमिसळ जास्त फसवी, कारण दोन्हींत पायनिन-सॅबिनिनच असतं, फक्त प्रमाण बदलतं. बेरी हातानं वेचायला वेळ लागतो. फांद्या झोडपून बेरी पाडल्या की पानांचे काटे आणि काड्या आपोआप आत येतात, आणि कोणी त्या चाळून बाजूला काढत बसत नाही.

मग पक्वता. कम्युनिसची बेरी पिकायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे एकाच फांदीवर हिरव्या आणि निळ्या बेरी शेजारी असतात. पोत्यात दोन्ही गेल्या तर तेल निळ्यांचं राहत नाही. ऋतूचाही परिणाम होतो, दिवसाच्या वेळेचाही. स्कोप्युलोरमवर १९७० च्या दशकात दोन्हींचा पद्धतशीर अभ्यास झाला. तेव्हापासून वस्त्यांची तुलना करायची असेल तर सगळे नमुने एकाच मोसमात, शक्यतो झाडाची वाढ थांबलेली असताना थंडीत घ्यायचे, ही शिस्त आली. आमच्याकडे येणाऱ्या व्यापारी नमुन्यांवर काढणीचा महिना लिहिलेला असेल तर मी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजते.

आणि भट्टी. हे तुमच्या रिपोर्टला थेट लागू आहे, म्हणून जरा थांबा. सॅबिनिन हा नाजूक रेणू आहे. गरम, आंबट पाण्यात तो मोडतो आणि त्याचं टर्पिनेन-४-ऑल, अल्फा-टर्पिनिन, गॅमा-टर्पिनिन होतं. पाला पाण्यात बुडवून उकळला की पाण्याला आपोआप आंबटपणा येतो. १९८० च्या सुमारास जुनिपेरस साबिनावर झालेल्या प्रयोगात नुसती पाण्याची आम्लता बदलून तेलाची ठेवण बदलून दाखवली होती. म्हणजे तीच पानं, तीच भट्टी, पाणी वेगळं, आणि रिपोर्ट दोन प्रदेशांचे वाटावेत असे. म्हणून सॅबिनिन एकट्यानं वाचायचं नाही. ते, दोन्ही टर्पिनिन आणि टर्पिनेन-४-ऑल यांची बेरीज करायची आणि ती बेरीज ताडून पाहायची. बेरीज जुळली आणि वाटणी वेगळी निघाली तर आधी भट्टीवाल्याला विचारायचं, भूगोलाला नंतर.

जुन्या तेलाबद्दल एकच वाक्य: बाटली अर्धी रिकामी, उन्हात, सैल झाकणानं पडली असेल तर पॅरा-सायमिन आणि ऑक्सिजनयुक्त घटक वाढतात, आणि त्याचंही खापर कोणीतरी डोंगरावर फोडतं.

आता तुमचा रिपोर्ट.

पहिली बाटली सरळ आहे. अल्फा-पायनिन वरचढ, सॅबिनिन कमी, बेरीच्या तेलाला शोभेल अशी. युरोपीय फार्माकोपियात, म्हणजे औषधी मालाचा दर्जा ठरवणाऱ्या ग्रंथात, जुनिपर तेलासाठी अल्फा-पायनिन २० ते ५० टक्के आणि सॅबिनिन २० टक्क्यांपर्यंत अशी मर्यादा आहे; मायर्सिन या आणखी एका घटकाला तर १ ते ३५ टक्के. इतकं सैल मोजमाप का ठेवलं असेल? युरोपातल्याच वस्त्यांत इतका फरक आहे म्हणून. काही ठिकाणची झाडं पायनिनची, काही ठिकाणची सॅबिनिनची. तेव्हा दुसऱ्या बाटलीतलं २३ टक्के पायनिन आणि १७ टक्के सॅबिनिन यांनी मला काहीच धक्का बसत नाही. दोन्ही आकडे त्या मर्यादेत बसतात. वस्ती सॅबिनिनवाली असेल, किंवा पोत्यात पानं गेली असतील, किंवा दोन्ही. टर्पिनेन-४-ऑल ६ टक्के हेही त्याच सॅबिनिनचं लेकरू. इथपर्यंत तुमच्या पुरवठादाराचं अर्धं खरं.

३-कॅरीन ९ टक्के म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. तो घटक जुनिपरला परका नाही. कम्युनिसच्या काही तेलांत तो सापडतो, हिमालयातल्या इतर जुनिपरांच्या पानांतही. इथे जातींचा प्रश्न येतो. हिमालयात कम्युनिसशिवाय रिकर्वा, इंडिका, स्क्वामाटा, पॉलिकार्पोस अशा जाती आहेत. पॉलिकार्पोसला आपल्या जुन्या पुस्तकांत मॅक्रोपोडा म्हटलेलं सापडेल. गोळा करणाऱ्याच्या लेखी सगळाच धूप. कम्युनिस ओळखायची सोपी खूण आहे: तिची पानं सुईसारखी, तीन-तीनच्या वलयात, आणि प्रत्येक पानावर एक पांढरट पट्टा. पॉलिकार्पोस किंवा इंडिकाच्या थोराड झाडाची पानं फांदीला चिकटलेल्या खवल्यांसारखी असतात. स्क्वामाटा आणि रिकर्वा मात्र सुईसारखीच पानं ठेवतात, म्हणून चूक तिथे होते. बेरी फोडून पाहिली तरी मदत होते: कम्युनिसमध्ये बहुधा तीन बिया, स्क्वामाटा-रिकर्वात एकच. तेलाच्या बाटलीत मात्र ना पान असतं ना बी.

तर नुसत्या ३-कॅरीनवरून मी भेसळ म्हणाले नसते. ‘दुसरी जात मिसळली असेल’ इतकंच म्हणाले असते. पण खाली लाँगिफोलिन २ टक्के आहे. ३-कॅरीन आणि लाँगिफोलिन हातात हात घालून, शिवाय सोबत अल्फा-पायनिन, ही ठेवण आमच्या ओळखीची आहे. हिमालयाच्या खालच्या उतारांवर चीड, म्हणजे पायनस रॉक्सबर्घाय, वाढतो. त्याच्या खोडातून लिसा, म्हणजे चिकट डिंक, काढतात आणि लिशापासून टर्पेंटाइन. या भारतीय टर्पेंटाइनची खासियतच अशी की त्यात ३-कॅरीन भरपूर आणि लाँगिफोलिन लक्षणीय. युरोप-अमेरिकेतलं टर्पेंटाइन बहुतेक पायनिनचंच असतं. ते जुनिपरमध्ये ओतलं तर पकडणं कठीण, कारण जुनिपरही पायनिनचाच. चिडाचं टर्पेंटाइन मात्र जाता जाता आपली सही करून जातं.

तेव्हा पुरवठादार म्हणतो तो प्रदेशाचा फरक तुमच्या बाटलीत बहुधा आहेच. फक्त तो जुनिपरच्या प्रदेशाचा नसून चिडाच्या प्रदेशाचा आहे. शक्यता दाट आहे असंच म्हणेन, शंभर टक्के नाही. एका रिपोर्टवर कोणाला चोर म्हणायचं नसतं. भेसळ त्याच्याही वरच्या पायरीवर झालेली असू शकते आणि तो बिचारा खरंच प्रदेशावर विश्वास ठेवत असेल. किंवा जिथे काल टर्पेंटाइन काढलं त्याच भट्टीत आज जुनिपर चढवलं, मधे भट्टी आणि थंडावणारी नळी नीट धुतली नाही, असंही होतं. पण त्यातून २ टक्के लाँगिफोलिन येणं जरा जास्तच.

आता करायचं काय. तेल परत पाठवण्याआधी त्याच्याकडे तीन गोष्टी मागा: तेल कशाचं, नुसत्या बेरींचं की बेरी-पानांचं, हे लेखी, काढणीचा महिना आणि खोरं, कारण ‘हिमालय’ हे ठिकाण होत नाही, आणि ज्या मालाचं तेल काढलं त्यातल्याच अर्धा किलो बेरी. पहिल्या दोन गोष्टी कोणीही लिहून देईल. तिसरी मागितल्यावर फोनवर जी शांतता पसरते ती मी फार वेळा ऐकली आहे.

बेरी आल्या तर आधी पांढऱ्या कागदावर पसरा. हिरव्या किती, काड्या किती, पानं कशी, आणि दहा-बारा फोडून बिया मोजा. मग शंभर ग्रॅम बेरी ओबडधोबड कुटा आणि लगेच क्लेव्हेंजरवर, म्हणजे वाफेनं तेल काढायच्या छोट्या उपकरणावर, चढवा. कुटून रात्रभर ठेवल्या तर हलका भाग उडून जातो. नाशिकला फार्मसी कॉलेजं आहेत, कोणाकडे तरी ते काचेचं उपकरण नक्की असेल. तीन-चार तास चालू द्या. चांगल्या वाळलेल्या बेरींतून किलोला निदान दहा मिलिलिटर तेल अपेक्षित असतं, म्हणजे तुमच्या शंभर ग्रॅममधून मिलिलिटरभर. तपासायला तेवढं पुष्कळ झालं. ते तेल आणि बाटलीतलं तेल एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, एकाच कॉलमवर चालवा. दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे कागद शेजारी ठेवून तुलना करू नका. सध्या तुम्ही केलंय ते तेच, म्हणून बजावून सांगते. जमलं तर कायरल कॉलमवर (एकाच रेणूची आरशातल्यासारखी दोन रूपं वेगळी करणाऱ्या नळीवर) अल्फा-पायनिनच्या डाव्या-उजव्या रूपांचं प्रमाणही काढून घ्या. बाहेरचं पायनिन मिसळलेलं असेल तर ते प्रमाण सहसा हलतं, आणि त्याची बनवाबनवी करणं महाग पडतं.

स्वतः काढलेल्या तेलातही ३-कॅरीन आणि लाँगिफोलिन त्याच प्रमाणात निघालं, तर मी वर लिहिलेलं सगळं मागे घेईन आणि त्या बेरी कुठल्या उतारावरच्या आहेत ते मला नक्की कळवा. मला त्या झाडांची पानं हवी आहेत. निदान दहा झाडांची, वेगवेगळ्या पिशव्यांत.